कच्चा लिंबू आणि भिडू

मराठी मुलांच्या खेळात एक जुनी सोय आहे. लगोरी, पकडापकडी किंवा आट्यापाट्यांचा डाव मांडताना एखादे फारच लहान पोर मागे लागले, तर त्याला हाकलून देत नाहीत. 'हा कच्चा लिंबू' असे जाहीर करून आत घेतात. कच्चा लिंबू धावतो, ओरडतो, हसतो, पण तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्यामुळे कोणी जिंकत नाही की हरत नाही. या सोयीत माया आहे, हे खरेच. शिवाय लहान मूल दोन-तीन वर्षांत मोठे होते आणि आपसूक पक्का भिडू बनते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे मात्र तसे होत नाही. ते पाचव्या वर्षी कच्चा लिंबू असते, पंधराव्या वर्षीही असते आणि पंचविशीत तर त्याला कोणी डावातच घेत नाही. प्रसाद ओक यांनी जयवंत दळवी यांच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवरून अशा मुलाच्या आईवडिलांची कथा सांगणारा चित्रपट २०१७ साली केला, त्याचेही नाव 'कच्चा लिंबू' असेच होते. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या त्या चित्रपटाच्या नावात एका मोठ्या सामाजिक सवयीचे वर्णन आले आहे. ही सवय मोडण्याचे एक साधन गेल्या काही वर्षांत पुढे आले आहे: बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात, अशा व्हिडिओ गेमच्या स्पर्धा. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांनी हे साधन हाती घ्यावे, असे मला वाटते. मात्र ते कामाचे ठरेल की नाही, हे पडद्यावर अवलंबून नाही. ते स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून आहे.

नांदेड-लातूरच का, याचे कारण या दोन शहरांच्या ओळखीत आहे. दहावी-बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला, आणि आता वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी लातूर आणि नांदेड दोन्हीकडे गावोगावची मुले येऊन राहतात. इथे रस्त्यावरचे फलक गुणांचे असतात, घरातली चर्चा गुणांची असते, पाहुण्याने मुलाला विचारलेला पहिला प्रश्नही गुणांचाच असतो. मेहनती, होतकरू मुलांना या व्यवस्थेने पुष्कळ दिले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण जिथे माणसाची किंमत आकलनाच्या वेगाने ठरते, तिथे ज्याचे आकलनच सावकाश आहे त्याच्या वाट्याला काय येते? नांदेडला अपंगत्वावर मात करणारा खेळाडू ठाऊक नाही, असे नाही. मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिल यांच्यासोबत भारताचा ध्वज धरला, तेव्हा सगळ्या जिल्ह्याची मान उंचावली. चाकाच्या खुर्चीवर बसून गोळा फेकणाऱ्या खेळाडूची जिद्द डोळ्यांना दिसते. समजायला वेळ लागणाऱ्या मुलाची जिद्द तशी दिसत नाही. ती पाहायची तर त्याच्या शेजारी बसून काही करावे लागते, आणि ते शेजारी बसणेच आपल्याकडे घडत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संख्या १ लाख ६० हजारांच्या आसपास होती. खरा आकडा याहून मोठा असणार, कारण सौम्य अक्षमता शाळेत 'ढ' या एका अक्षराखाली झाकली जाते. बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. आजार येतो, त्यावर औषध असते. ही मात्र वाढीच्या वयातच दिसणारी स्थिती आहे, आणि तिचे निदान दोन गोष्टींवरून होते. बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली असणे, आणि बोलणे, पैसे हाताळणे, स्वतःची काळजी घेणे, इतरांशी वागणे अशा रोजच्या कामांत अडचण येणे. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ती सरावाने आणि आधाराने बदलते. पाच पायऱ्यांची सूचना एकदम दिली तर गोंधळणारा मुलगा एकेक पायरी चित्रातून दाखवली की तेच काम नीट करतो. म्हणजे अडचण काही प्रमाणात त्याच्यात असते आणि काही प्रमाणात आपण काम ज्या पद्धतीने मांडतो त्या मांडणीत असते. स्पर्धेची मांडणी करतानाही हेच ध्यानात ठेवायचे आहे.

एकत्र खेळण्याची कल्पना नवी नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात युनिस केनेडी श्रायव्हर यांनी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिबिर भरवले. शिबिराचा कणा होती शाळा-कॉलेजातली तरुण मुलेमुली: जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक सोबती. त्यातूनच पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले स्पेशल ऑलिंपिक्स झाले. १९८० च्या दशकात या चळवळीने आणखी एक पाऊल टाकले आणि 'युनिफाइड स्पोर्ट्स' सुरू केले. सोबत्याने बाजूला उभे राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत, त्यानेही तोच गणवेश घालून त्याच संघातून खेळायचे. पाच जणांच्या युनिफाइड फुटबॉल संघात तीन बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू आणि दोन जोडीदार मैदानात असतात. भारतात स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था हे काम करते, आणि २०२३ च्या जूनमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी ७६ सुवर्णांसह २०२ पदके मिळवली. करोनाच्या काळात मैदाने बंद पडली, तेव्हा हीच जोडीची कल्पना पडद्याकडे वळली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये स्पेशल ऑलिंपिक्स आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाने 'गेमिंग फॉर इन्क्लूजन' नावाची ऑनलाइन स्पर्धा घेतली. रॉकेट लीग, मॅडन एनएफएल २२ आणि फोर्झा मोटरस्पोर्ट ७ हे तीन गेम त्यात होते. मैदाने पुन्हा उघडली तरी स्पर्धा बंद पडली नाही. पुढच्या वर्षांतही ती झाली.

या तिन्हींपैकी रॉकेट लीगकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण समावेशक स्पर्धेला कसा गेम लागतो ते त्यावरून कळते. मोटारगाड्यांनी एक मोठा चेंडू ढकलत गोलमध्ये घालायचा, एवढाच हा खेळ. नियम वाचावा लागत नाही, पाहताक्षणी कळतो. सामना पाच मिनिटांचा असतो, त्यामुळे लक्ष टिकवण्याचा ताण मर्यादित राहतो आणि हरले तरी लगेच पुढचा डाव मिळतो. चूक झाली म्हणून गाडी कायमची बाद होत नाही. दोघांचा संघ असला, तर एक गोल राखतो आणि दुसरा पुढे जातो. याच्या उलट, तरुणांमध्ये लोकप्रिय असलेले शंभर जणांच्या लढाईचे गेम घ्या. भलामोठा नकाशा, डझनभर शस्त्रे, कानात सतत सूचना, आणि एका चुकीनंतर सगळा डाव संपतो. यात कौशल्य नाही असे कोण म्हणेल? पण अल्पकालीन स्मृतीवर येणारा भार इतका असतो, की बौद्धिक अक्षमता असलेला खेळाडू पुन्हा जोडीदाराच्या मागे फरफटत जाणारा कच्चा लिंबूच होतो. म्हणून गेम कोणता निवडला, यावरच अर्धे काम ठरते.

खेळाने नेमके काय साधते, याबद्दल पुरावा काय आहे? दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. पहिली, खेळणाऱ्याच्या कौशल्याबद्दलची. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पेनी स्टँडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना संगणकावरचे साधे गेम पुन्हा पुन्हा खेळायला देऊन पाहिले. ठरलेल्या वेळात पर्याय निवडायला लावणारा गेम खेळलेल्यांची निर्णय घेण्याच्या चाचणीतली कामगिरी सुधारली. हे अभ्यास लहान गटांवरचे आहेत, त्यामुळे 'गेम खेळा, बुद्धी वाढवा' अशी जाहिरात कोणी करू लागले तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने मांडले, की दोन समूहांमधले पूर्वग्रह नुसत्या ओळखीने जात नाहीत. चार अटी पाळल्या तर संपर्क खरा उपयोगी पडतो. त्या भेटीत दोघांचा दर्जा समान असावा, दोघांचे ध्येय एक असावे, ते एकमेकांच्या सहकार्याशिवाय गाठता येऊ नये आणि संस्थेचा किंवा कायद्याचा त्याला पाठिंबा असावा. पुढे २००६ साली पेटिग्र्यू आणि ट्रॉप या संशोधकांनी तोवरचे ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतात, आणि या अटी जुळवून आणल्या तर परिणाम अधिक ठळक होतो, असे त्यांना दिसले. आता आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांशी बाकीच्यांचा संपर्क कसा येतो ते पाहा. वाढदिवसाला विशेष शाळेत खाऊ वाटायला जाणे, ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात फळे देणे, फोटो काढणे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऑलपोर्टच्या चार अटींपैकी पहिल्या तीन तिथे एकदम मोडतात. देणारा वर, घेणारा खाली. ध्येय एक नाही. आणि एकाचे दुसऱ्यावाचून काहीच अडत नाही. दोघांच्या जोडीने सामना खेळताना मात्र गोल राखणारा चुकला तर पुढचा हरतो. एकमेकांवाचून अडणे इथे खरे असते.

'हुशार' जोडीदारच सगळा डाव खेळून टाकेल आणि दुसरा नावालाच बसेल, हा पहिला आक्षेप. मला हा सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो खरा ठरण्याची शक्यता सर्वाधिक आहे. लातूरचा बारावीतला चपळ बोटांचा मुलगा एकटाच दहा गोल करील आणि बक्षीस घेताना शेजारच्याला पुढे करील. असे झाले तर स्पर्धेने कच्च्या लिंबाला मंचावर नेले, एवढेच होईल. युनिफाइड स्पोर्ट्समध्ये यावर उत्तर आहे आणि ते नियमांच्या रूपात आहे. जोडीदाराने खेळावर वर्चस्व गाजवणे तिथे अमान्य आहे. प्रत्येक खेळाडूचा सहभाग निकालावर परिणाम करणारा असला पाहिजे, ही अट आहे. शिवाय सरसकट सगळ्यांना एका गटात टाकत नाहीत. प्राथमिक फेरीत कौशल्य पाहून जवळपास सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे गट पाडतात; गटातल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमी कामगिरीत १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असे मार्गदर्शक सूत्र आहे. पडद्यावरच्या खेळात तर हे मैदानापेक्षा सोपे जाते. दोघांचे गुण वेगवेगळे मोजून दोन्ही आकडे ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच संघाचा गुण धरायचा, असा नियम संगणक चोख पाळतो. शर्यतीत दोघांपैकी जो मागून येईल त्याची वेळ संघाची वेळ धरायची, एवढा एक नियम केला तरी जोडीदाराला एकट्याने पुढे पळून काही मिळत नाही. त्याला थांबावे लागते, वळण कुठे आहे ते सांगावे लागते, सोप्या शब्दांत सांगावे लागते. इथे त्याचीही परीक्षा असते, आणि तिची तयारी कुठल्या क्लासमध्ये होत नाही.

दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाचा. बक्षीस आले, की खोटी प्रमाणपत्रे येतात. याचा दाखला थेट पॅरालिंपिकमध्ये आहे. २००० साली सिडनीत सुवर्णपदक जिंकलेल्या स्पेनच्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉल संघातल्या १२ पैकी १० जणांना अशी कोणतीही अक्षमता नव्हती, हे नंतर उघड झाले. शिक्षा कोणाला झाली? या गटाच्या सगळ्या खरोखरच्या खेळाडूंना पॅरालिंपिकची दारे बंद झाली आणि ती २०१२ च्या लंडन स्पर्धेत, तीही मोजक्याच खेळांत, पुन्हा उघडली. रडीचा डाव एक जण खेळतो आणि बाकीच्यांचे वर्षानुवर्षांचे आयुष्य त्यात जाते. म्हणूनच जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत रोख बक्षिसे ठेवू नयेत, असे माझे मत आहे. नोंदणी विशेष शाळांमार्फत आणि अपंगत्वाच्या अधिकृत ओळखपत्रावरून व्हावी.

व्यसनाचे काय, हा प्रश्न पालक विचारणारच, आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगांच्या वर्गीकरणात जागा दिली आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणे, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वेळेचा अंदाज कमी असतो, म्हणून त्याच्या बाबतीत दक्षता अधिक हवी. पण आज त्याच्या हातात फोन नाही, असे कोणी समजू नये. फोन आहे, तो एकट्याने पाहिला जातो, तासन्तास पाहिला जातो आणि घरचे बिचारे थकून तो देतात. स्पर्धेच्या सरावाला वेळ ठरलेली, जागा ठरलेली, शेजारी माणूस बसलेला. एकट्याच्या फोनपेक्षा हे बरेच निरोगी आहे. पैशांच्या गेमची भीती मात्र रास्त होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळे काढून मान्यता दिली. तरीही गेमच्या आत खरेदीची बटणे असतातच. ज्याला शंभर आणि हजार यातला फरक पटकन कळत नाही, त्याच्यासमोर ते बटण असूच नये. आणि शरीराचे? पडद्यावरची स्पर्धा मैदानाच्या जागी आणायची नाही. या मुलांपैकी अनेकांना वजन, हृदय, स्नायूंच्या तक्रारी असतात, डाउन सिंड्रोममध्ये तर विशेष. त्यांना धावणे, पोहणे, चेंडू फेकणे लागतेच. ज्या शाळेत मैदानी खेळाचा तास नाही, तिने आधी तो सुरू करावा.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे लाड कशाला, असेही कोणी म्हणेल. पण खेळाला पाणी लागत नाही. प्रश्न खर्चाचा असेल, तर त्याचे उत्तर देता येते. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेला एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर दोन मोठ्या बटणांचा, बाहेरून हवी ती बटणे जोडता येणारा, उत्तम आहे. पण १०० डॉलरच्या आसपासची ती वस्तू आणि तिच्यासोबतचा कन्सोल इथल्या विशेष शाळेच्या हिशेबात बसणार नाही. सुपरटक्सकार्ट नावाचा मोटार शर्यतीचा गेम मात्र पूर्ण मोफत आहे, साध्या संगणकावर चालतो, इंटरनेटशिवाय चालतो आणि एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांना शेजारी बसून खेळता येतो. त्याची संहिता खुली असल्याने त्यातल्या सूचना मराठीत करायला कोणाची परवानगी लागत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी त्या ध्वनिमुद्रित करता येतील. मोठी, जाड, रंगीत बटणे बनवणे हे विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांना एखाद्या सत्राच्या प्रकल्पात जमण्यासारखे आहे. एक्सबॉक्सवर २०१७ पासून एक सोय आहे, तिचे तत्त्व त्यांनी जरूर अभ्यासावे: दोन कंट्रोलर मिळून एकच गाडी चालवतात. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने वेग सांभाळायचा. तीव्र अक्षमता असलेल्या खेळाडूलाही यातून खरी, मोजता येणारी भूमिका मिळते.

माणसे आणि संस्था इथे आहेतच. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' प्रकल्प आहे, शहरात ऑटिझम आणि बहुविकलांगतेवर काम करणारे 'उमंग' केंद्र आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांत विशेष शाळा आहेत, ज्यांपैकी काहींच्या पाट्यांवर अजून 'मतिमंद' हा शब्द आहे. बौद्धिक अक्षमतेवरची राष्ट्रीय संस्था, १९८४ पासूनची, सिकंदराबादला आहे. नांदेडचा रेल्वे विभागही तिथल्याच मुख्यालयाला जोडलेला आहे. मराठवाड्याला दर वेळी मुंबई-पुण्याकडे बघण्याची सवय आहे, पण तज्ज्ञ प्रशिक्षक इथे मुंबईपेक्षा जवळ आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३० खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकते आणि त्यासाठी कार्यक्रमांची पुनर्रचना, तंत्रज्ञानाचा विकास असे शब्द वापरते. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. ऑलपोर्टची चौथी अट, संस्थेच्या पाठिंब्याची, कागदावर पूर्ण झालेली आहे.

डिसेंबरच्या सुमारास दिव्यांग विद्यार्थ्यांच्या जिल्हास्तरीय क्रीडा स्पर्धा भरतात, त्याच मैदानाच्या कडेला एक शांत खोली मिळाली तरी सुरुवात होईल. आवाज कमी, दिवे मंद, भिंतीवर चित्रांतून लावलेले वेळापत्रक. त्याआधी निदान दोन महिने, आठवड्यातून एकदा, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांमधून आणि क्लासच्या वसतिगृहांतून आलेल्या मुलामुलींनी आपल्या ठरलेल्या भिडूबरोबर सराव करायचा; भिडू बदलायचा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे तास त्यात मोजायला हरकत नाही, मात्र एका गोष्टीवर आयोजकांनी ठाम राहावे. अशा कार्यक्रमात अक्षमता असलेल्याला 'सहभागी' आणि दुसऱ्याला 'स्वयंसेवक' असे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. इथे कागद एकच छापावा, त्यावर दोघांची नावे एका ओळीत असावीत आणि नावांपुढे दोघांसाठीही एकच शब्द असावा: खेळाडू. हरलेल्या जोडीच्या कागदावरही तोच, आणि खाली त्यांचा खरा गुण, एकही न वाढवता.